मांजरपाटावर पानांचा रंग : सोलापुरात पहिल्यांदाच रंगवणाऱ्यांसाठी

नैसर्गिक रंग शिकायला निघालेला माणूस पहिला प्रश्न पानांबद्दल विचारतो. कुठलं झाड, किती पानं, किती वेळ उकळायची? खरं काम त्याच्या आधीचं आहे. सुती कापड नीट धुऊन, त्याला हिरडा आणि तुरटी पाजून तयार केलं असेल, तर रस्त्याकडेच्या घाणेरीचाही रंग छान बसतो. तयारी कच्ची राहिली तर पातेलंभर पानं उकळा, तिसऱ्या-चौथ्या धुण्याला कापड फिकट पडतं. म्हणून खालच्या कृतीत कापडाला दोन-तीन दिवस आहेत आणि पानांना दोन-तीन तास. वेळ वाचवायचाच असेल तर पानांत वाचवा, कापडात वाचवू नका.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनातून काढून टाका. हिरव्या पानातून हिरवा रंग मिळत नाही. पानातलं हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, आणि धाग्यावर थोडंफार चिकटलं तरी उन्हात उडून जातं. पाण्यात उतरतात ती पानातली पिवळी द्रव्यं आणि टॅनिन. चहा जास्त उकळला की जिभेला जो तुरटपणा जाणवतो, तो टॅनिनचा. त्यामुळे झुडपांच्या पानांतून मिळणारी रांग पिवळा, खाकी, शेवाळी, तपकिरी आणि राखाडी अशी असते. निळा रंग निळीच्या झुडपाचा, पण त्याची पानं आंबवावी लागतात. ती वेगळीच विद्या आहे, पहिल्या महिन्यात तिच्या वाटेला जाऊ नका.

काय काय जमवायचं

पुढची सगळी मापं २०० ग्रॅम कोरड्या कापडासाठी आहेत. कापड मीटरवर मोजू नका, वजनावर मोजा. पातळ मलमल आणि जाड मांजरपाट यांच्या एका मीटरात दुपटीचा फरक पडू शकतो आणि सगळं गणित तिथेच चुकतं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो.

कापड कोरं मांजरपाट घ्या, म्हणजे ब्लीच न केलेलं, शंभर टक्के सुती. पॉलिस्टर मिसळलेलं कापड हा रंग घेत नाही. शंका असेल तर कडेचे चार धागे काढून जाळून पाहा. सुताची कागदासारखी मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी बनते.

दहा लिटरचं स्टीलचं पातेलं हवं. लोखंड, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, काहीही नको, कारण धातू पाण्यात उतरतो आणि रंग बदलतो. रंगाचं पातेलं, पळी आणि गाळणं कायमचं वेगळं ठेवा, ते पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. रबरी हातमोजे घ्या आणि काम मोकळ्या हवेत करा.

हिरड्याची पूड काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. तुरटी किराणा दुकानात मिळते, फक्त खडा पांढरा, काचेसारखा बघून घ्या. तांबूस किंवा पिवळसर छटेच्या खड्यात लोहाचा अंश असू शकतो आणि तो पिवळ्या रंगाचा घात करतो. धुण्याचा सोडा लागेल, खाण्याचा सोडा नव्हे. हिराकस रंगाच्या दुकानात शोधत बसू नका. कृषी सेवा केंद्रात ‘फेरस सल्फेट’ म्हणून मागा, पिकाला लोह द्यायला शेतकरी तेच नेतात. मोरचूद मात्र आणू नका. मोरचुदाने सुंदर हिरवट छटा येते हे खरं आहे, पण तांब्याचं ते सांडपाणी घरगुती मोरीत सोडण्याजोगं नसतं, आणि पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातात ते देऊच नये असं आमचं ठाम मत आहे.

पाणी आधी तपासा

सोलापुरात रंग बिघडण्याचं मोठं कारण बोअरचं पाणी. ते जड असतं, साबणाला फेस येत नाही, आणि त्यात लोह असेल तर पिवळ्याचा थेट खाकी होतो. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घ्या, एकात बोअरचं, दुसऱ्यात फिल्टरचं. दोन्हींत चिमूटभर हिरडा पूड ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. फिल्टरचा पेला फिकट पिवळसर राहील. बोअरचा पेला करडा, निळसर-काळपट झाला, तर पाण्यात लोह आहे. त्या पाण्यात कापड खळखळून धुवायला हरकत नाही, पण हिरडा, तुरटी आणि रंग यांना ते वापरू नका.

उजनीचं नळाचं पाणी बहुतेक वेळा चालतं. ते रोज येत नाही, म्हणून पाणी येण्याच्या दिवशी कापड धुण्याचं काम काढा आणि रंगासाठी दहा-बारा लिटर बाजूला भरून ठेवा. पावसाळ्यात पत्र्यावरून उतरलेलं पाणी साठवता आलं तर त्याहून चांगलं पाणी नाही. पहिल्या सरीचं सोडून द्या आणि गंजलेल्या पत्र्यावरचं घेऊ नका.

पहिला दिवस : खळ आणि मेण काढणं

मागावर धागा तुटू नये म्हणून ताण्याला खळ लावलेली असते. सोलापूरकराला हे सांगायची गरज नाही, तरी रंगवताना हीच खळ विसरली जाते. शिवाय कापसाच्या धाग्यावर जन्मतःच मेण असतं. ही दोन्ही जाईपर्यंत रंग आत शिरत नाही.

कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, सकाळी चोळून दोन पाण्यांतून काढा. मग पातेल्यात ७ लिटर पाणी, १० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि चमचाभर किसलेला साधा साबण घालून कापड दीड तास उकळा. मधूनमधून पळीने खाली दाबा. पाणी चहाच्या रंगाचं होईल. ते मांजरपाटातून निघालेलं मेण आणि मळ आहे. पाणी अगदी गडद झालं तर तीच कृती नव्या पाण्यात पुन्हा करा.

झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. कापडाचा एक कोपरा वाळवा, आडवा धरा आणि त्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब पडताक्षणी पसरून आत गेला तर कापड तयार. थेंब क्षणभर मोत्यासारखा उभा राहिला, मग हळूहळू मुरला, तर मेण अजून आहे. पुन्हा उकळा. तीन-चार ठिकाणी थेंब टाकून पाहा, कारण घडीत राहिलेला भाग नेहमी मागे पडतो. पुढे जे ढगासारखे डाग दिसतात, त्यातले निम्मेअधिक इथेच तयार झालेले असतात.

दुसरा दिवस : हिरडा

लोकर आणि रेशीम तुरटी स्वतःहून धरून ठेवतात, सूत धरत नाही. सुताला आधी टॅनिन द्यावं लागतं. मग तुरटी त्या टॅनिनला धरते आणि पानाचा रंग तुरटीला. हा क्रम उलटा करू नका.

४० ग्रॅम हिरडा पूड अर्धा लिटर कोमट पाण्यात रात्रीच भिजत घाला. सकाळी दुहेरी फडक्यातून गाळा. गाळायचा कंटाळा केला तर पुडीचे कण कापडावर बसतात आणि हिराकस लागल्यावर तिथे काळे ठिपके उठतात. गाळलेलं पाणी ६ लिटर गरम पाण्यात मिसळा. वाफ दिसावी, बुडबुडे नकोत, एवढंच गरम. ओलं कापड त्यात सोडा, पहिला अर्धा तास सारखं हलवा, मग आठ तास राहू द्या.

कापड फिकट लोण्याच्या रंगाचं होईल. बाहेर काढून पिळा, पण धुऊ नका. सावलीत, न दुमडता वाळवा. पत्र्यावर, लोखंडी तारेवर किंवा गंजक्या ग्रिलवर टाकलं तर जिथे लोखंड टेकलं तिथे काळी रेघ पडते, आणि ती जात नाही. नायलॉनची दोरी वापरा.

उरलेल्या पाण्यात पुष्कळ दम असतो. पुढच्या वेळी २० ग्रॅम नवा हिरडा घालून दोन दिवसांच्या आत तेच पाणी वापरता येतं. त्यानंतर बुरशी धरते.

त्याच दिवशी रात्री : तुरटी

३० ग्रॅम तुरटी कुटून एक लिटर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा. वेगळ्या भांड्यात ४ ग्रॅम धुण्याचा सोडा पेलाभर पाण्यात विरघळवा आणि तो तुरटीच्या पाण्यात थोडा थोडा ओता. फसफसून फेस येईल, म्हणून भांडं मोठं घ्या. फेस बसला की एकूण ६ लिटर करा. सोड्यामुळे तुरटीतलं आम्ल कमी होतं आणि ती धाग्यावर नीट बसते. सोडा जास्त झाला तर पाणी दुधाळ होऊन पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे वाया गेलेली तुरटी. अशा वेळी त्यात आणखी काही घालून दुरुस्ती करत बसू नका, नवीन करा.

हिरडा दिलेलं कापड साध्या पाण्यात ओलं करून यात सोडा, दोन तास मधूनमधून हलवा, मग रात्रभर ठेवा. सकाळी एकदाच हलक्या हाताने विसळा. कापड लगेच रंगवायचं नसेल तर वाळवून ठेवा. सावलीत कोरडं ठेवलं तर महिनाभरानंतरही चालतं. खरं तर एका वेळी बरंच कापड असं तयार करून ठेवणं सोयीचं, मग पानं मिळतील त्या दिवशी रंग काढता येतो.

कुठली पानं

तरवड. सोलापूरच्या माळावर, रेल्वेच्या कडेला, ओसाड प्लॉटवर हे झुडूप सगळीकडे आहे. पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरांत याला तंगेडू म्हणतात, नवरात्राच्या सुमारास येणाऱ्या बतुकम्मा या फुलांच्या सणाची रास याच पिवळ्या फुलांनी रचतात. साल टॅनिनने भरलेली असते, पूर्वीपासून ती चामडं कमावायला वापरतात. पण साल काढली की झुडूप मरतं, म्हणून आपण फक्त पानं घ्यायची. तुरटीवर फिकट पिवळसर-बदामी रंग येतो. त्याची खरी मजा हिराकसात आहे, उबदार राखाडी ते गडद शेवाळी. नवख्याने पहिलं झुडूप हेच धरावं. रंग समान बसतो आणि चुका झाकतो. नवरात्राच्या आसपास मात्र फुलांचे तुरे तोडू नका, बतुकम्मासाठी ती फुलं लागतात.

अडुळसा. खोकल्याच्या काढ्यासाठी कुंपणाला लावलेला असतो. पानं मोठी, मऊ आणि रसदार. तुरटीवर स्वच्छ पिवळा मिळवायचा तर या यादीत अडुळशाला तोड नाही. पण लोहाचा कण लागला तरी हा पिवळा मळतो, म्हणून अडुळशाला फिल्टरचं किंवा पावसाचंच पाणी द्या.

घाणेरी. परदेशातून आलेली आणि माळ गिळत सुटलेली, त्यामुळे हिची पानं हवी तेवढी ओरबाडा. खोड काटेरी असतं आणि पानं अंगाला खाजवतात, हातमोजे घाला. तुरटीवर पिवळट-खाकी, हिराकसावर शेवाळी रंग मिळतो. पानं गुरांना विषारी आहेत. उकळलेला चोथा उकिरड्यावर टाकून शेळ्या-म्हशींच्या तोंडी जाऊ देऊ नका, खड्ड्यात पुरा.

मेंदी. हिच्याकडून लोक फार अपेक्षा ठेवतात आणि निराश होतात. तळहातावर मेंदी रंगते कारण तिचं रंगद्रव्य त्वचेतल्या प्रथिनाला धरतं. सुतात प्रथिनं नाहीत, त्यामुळे मांजरपाटावर फिकट बदामी रंग येतो. तोच रंग पांढऱ्या लोकरीच्या धाग्यावर नारिंगी-तपकिरी होतो. घोंगडीची काळी लोकर मुळातच गडद असते, तिच्यावर काही दिसत नाही.

डाळिंब. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यात छाटणीच्या वेळी पानांचे ढीग पडतात. पानं चांगला पिवळा देतात, फळाची साल त्याहून चांगला. पण बाग कुणाची आणि तिच्यावर काय फवारलंय हे विचारल्याशिवाय घेऊ नका. तेल्या रोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतं, आणि पानावर राहिलेलं तांबं पिवळ्याचा हिरवट करतं. बहार धरण्यापूर्वी पानगळीची फवारणी झालेली पानंही नकोत. त्यापेक्षा रसाच्या गाड्यावरून साली मागून आणा, धुऊन सावलीत वाळवा. हिरडा मिळाला नाही तर हिरड्याच्या जागी ६० ग्रॅम वाळलेली साल उकळून वापरता येते.

कण्हेर, रुई आणि धोतरा यांना हातच लावू नका. तिन्ही विषारी आहेत, ती उकळून वाफेत उभं राहण्याजोगा कुठलाही रंग त्यांत नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून काहीही तोडायचं नाही, एक पानसुद्धा. बाकी ठिकाणी एका झुडपाची एक-तृतीयांशपेक्षा जास्त पानं काढू नका. घाणेरी याला अपवाद.

तिसरा दिवस : रंग काढणं आणि रंगवणं

ताजी पानं कापडाच्या तिप्पट, म्हणजे ६०० ग्रॅम. सावलीत वाळवलेली असतील तर २०० ग्रॅम. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पानं वाळवली तर ती दोन तासांत कुरकुरीत होतात, पण फिकट पडतात. घरात चादरीवर पसरा.

पानं बारीक चिरा, ६ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर तासभर ठेवा. पाणी थरथरावं, खदखदू नये. जोरात उकळलं की पिवळा तपकिरीकडे झुकतो. गाळून घ्या आणि पाणी आटलं असेल तर पुन्हा ६ लिटर करा. चोथा पिळून टाकू नका, त्यात चार लिटर पाणी घालून दुसरा काढा निघतो. तो फिकट छटेला वापरा.

काढा कोमट होऊ द्या. ओलं कापड पूर्ण उलगडून त्यात सोडा आणि अर्ध्या तासात हळूहळू तापवत थरथरीपर्यंत न्या. थंड काढ्यात कापड घालून मोठ्या आचेवर ठेवलं तर तळाचा भाग आधी रंगतो. तिथपासून पाऊण तास ठेवा, दर दोन-तीन मिनिटांनी कापड उलटंपालटं करा. कापडाचा फुगा पाण्यावर तरंगू देऊ नका, हवेत राहिलेल्या भागाची कड उमटते. मग आच बंद करा आणि कापड त्याच काढ्यात पूर्ण गार होऊ द्या. गार होतानाही ते रंग घेत असतं.

कापड ओलं असताना रंग दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर बराच फिका होतो. गडद दिसलं म्हणून लवकर बाहेर काढण्याची चूक जवळजवळ प्रत्येकाची होते.

राखाडी किंवा शेवाळी हवा असेल तर हिराकस. ३ ग्रॅम हिराकस बादलीत ५ लिटर कोमट पाण्यात विरघळवा. रंगवलेलं ओलं कापड एकदम पूर्ण बुडवा आणि हलवत राहा. बदल डोळ्यांदेखत होतो. पिवळं कापड पाण्याखाली शेवाळी होत जातं, घडीच्या आत अजून पिवळं असतं, म्हणून घडी उलगडत राहावं लागतं. दोन ते पाच मिनिटांत काढा आणि लगेच तीन पाण्यांतून विसळा. माप वाढवून जास्त काळा रंग मिळवायचा मोह आवरा. जास्त लोह धागा कुजवतं, सहा-आठ महिन्यांत कापड घडीवर फाटायला लागतं. हिराकस मुख्य पातेल्यात कधीच घालू नका, आणि ही बादली पिवळ्या रंगाच्या कामाला पुन्हा वापरू नका.

रंगलेलं कापड साध्या पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत विसळा आणि सावलीत वाळवा. आठवडाभर साबण लावू नका. त्यानंतर रिठ्याच्या पाण्याने धुवा. धुण्याच्या तिखट पावडरी अल्कधर्मी असतात, त्यांनी छटा बदलते.

टॉवेल आणि सूत रंगवताना

टेरी टॉवेलच्या फासांत हवा अडकते आणि बुडाशी रंग पोचत नाही. तो रंगापूर्वी दोन तास कोमट पाण्यात दाबून दाबून भिजवा आणि पाणी कापडाच्या वजनाच्या नेहमीसारखं तीसपट नाही, चाळीसपट घ्या. चादरीसाठी रंग हवा असेल तर विणलेली चादर रंगवण्यात अर्थ नाही, तिची नक्षी रंगीत सुताचीच असते. सुताची लड रंगवा. लड चार ठिकाणी इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा. घट्ट बांधली तर बांधाखाली पांढरे पट्टे राहतात. काढा दोनदा गाळा, कारण सुतात अडकलेला पानाचा कण काढता काढता धागा गुंततो.

बिघडलं तर

सगळीकडे ढगासारखे डाग असतील तर खळ-मेण राहिलंय किंवा पातेलं लहान पडलंय. त्यावर उपाय म्हणजे सगळं हिराकसात बुडवून गडद करणं, फिकट रंगात ते दुरुस्त होत नाही. पिवळा मळकट आला तर पाणी, तुरटीचा खडा किंवा भांडं, या क्रमाने लोह शोधा. विसळताना रंग सुटतच राहिला तर हिरडा किंवा तुरटी कमी पडली आहे. अशा कापडाला तुरटीपासून पुन्हा सुरुवात करता येते, फेकायची गरज नाही. जेवताना लिंबाचा थेंब पडून फिका ठिपका उमटला तर तो रंगाचा दोष नाही. आंबटाने खालची तुरटी आणि लोह सुटतं. नॅपकिन आणि ताटावरच्या रुमालांना हिराकसाचा राखाडी देऊ नका.

पहिल्यांदा पूर्ण २०० ग्रॅमवर हात घालण्यापेक्षा तयार कापडाच्या दहा-दहा ग्रॅमच्या पट्ट्या कापा आणि प्रत्येक झुडपाचा एक नमुना करा. पट्टीच्या अर्ध्यावर जाड पुठ्ठा टाचा आणि दक्षिणेच्या खिडकीत दोन आठवडे लावून ठेवा. सोलापूरच्या उन्हाइतका कडक परीक्षक मिळणार नाही. पुठ्ठा काढल्यावर दोन्ही भागांत जेमतेम फरक दिसला तर ती पाककृती ठेवा. पट्टीला चिठ्ठी जोडा: झाड, तोडल्याचा महिना, पाणी कुठलं, हिरडा-तुरटी-हिराकस किती ग्रॅम. पावसाळ्यानंतरचा तरवड आणि मार्चमधला तरवड एकसारखा रंग देत नाहीत, आणि त्या चिठ्ठीशिवाय तीच छटा पुन्हा काढता येत नाही.